एक दिवस हातात

बुधवार, ११ ऑक्टोबर. भाचीचा फोन. थोरली गेली. अंत्यविधी परवा सकाळी अकरा वाजता. धाकट्याला कळवलं, गाडी घेऊन येतो म्हणाला. दूधवाल्याला तीन दिवस नको म्हणून सांगितलं. कपड्यांचे दोन जोड, शाल, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या. साडेआठला निघालो. रस्ता कोरडा. वाटेत एक रणांगण पाहिलं. मुक्काम लॉजवर.

एवढं लिहून ताईनं पेनाला टोपण लावलं आणि घड्याळात पाहिलं. सहाला दहा कमी. लॉजची खोली लहान पण स्वच्छ होती. दोन खाटा, एक खुर्ची, आणि खिडकीची कडी बसत नसल्यामुळे कोणीतरी तिला बांधलेली सुतळी. बाहेरच्या व्हरांड्यातून धाकट्याच्या पावलांचा आवाज येत होता. दारापासून जिन्यापर्यंत, जिन्यापासून दारापर्यंत.

"अरे, बूड टेकव जरा कुठंतरी," ती आतून म्हणाली. "खालच्याला वाटेल वर पहारा बसवलाय."

"पाय मोकळे करतोय."

"सकाळपासून मोकळेच आहेत की ते."

तिचा भाऊ दारात येऊन उभा राहिला. सहासष्ट वर्षांचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. "ताई," तो म्हणाला, "नक्की शुक्रवारीच ना?"

हे त्यानं तिसऱ्यांदा विचारलं होतं. ताईला राग आला. वय वर्षं अकरापासून ती रोजनिशी लिहीत होती. एकसष्ट वर्षांच्या एकसष्ट वह्या तिच्या कपाटात ओळीनं उभ्या होत्या. घरात कुणाचं लग्न कधी झालं, कुणाचे टाके कधी काढले, नळ कधी बदलला, यावरून वाद झाला की ताईला फोन जायचा आणि ताईनं वहीत पाहून सांगितलं की वाद मिटायचा. तिचा नवरा तर म्हणायचा, मी कधी मेलो ते मलाही तुलाच विचारावं लागेल.

"माझ्या वहीवर विश्वास नसेल तर तसं सांग," ती म्हणाली.

"विश्वास आहे गं. म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला आणि पुन्हा जिन्याकडे वळला.

धाकट्याच्या पायाला भिंगरी होती ती काही हौसेची नव्हे. त्याचा धंदाच तसा. बाजारपेठांमधले वजनकाटे दुरुस्त करून द्यायचे. चाळीस वर्षं तो गावोगाव हिंडला. बरोबर एक लाकडी पेटी, आत मखमलीच्या खाचांमध्ये पितळी वजनं, मुठीएवढ्या गोळ्यांपासून नखाएवढ्या पत्र्यांपर्यंत. वजनाला तो कधी उघड्या हातानं शिवायचा नाही. घामाचंही वजन असतं म्हणायचा. लग्न केलं नाही. घर म्हणजे कपडे बदलायची जागा. दुपारपर्यंत काटे जुळवून झाले की परक्या गावातली संध्याकाळ अंगावर यायची. अशाच एका संध्याकाळी कुणीतरी त्याला सांगितलं की गावाबाहेर दोनशे वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती. तो बघायला गेला. त्यानंतर ज्या गावी जाईल तिथलं रणांगण तो शोधून काढायला लागला.

त्याला राजांचं, सेनापतींचं काही पडलेलं नव्हतं. कोण जिंकलं हे विचारलं तर तो क्षणभर आठवायचा. त्याला ओझं कळायचं. शिपायाच्या पाठीवर किती किलो होते, बूट ओले झाल्यावर किती वाढले, ते घेऊन तो किती चालला आणि मग लढायला उभा राहिला. "साधी बेरीज आहे," तो म्हणायचा. "माणूस किती उचलू शकतो आणि त्याच्यावर किती टाकलंय."

घरच्यांनी त्याला सेनापती हे नाव ठेवलं. ते थट्टेचं नाव आई वारली तेव्हा टोचणीचं झालं. तार त्याच्या लॉजवर पोचली तेव्हा तो दोन दिवसांसाठी कुठल्याशा माळावर गेला होता. आला तेव्हा सगळं उरकून चौथा दिवस होता. त्या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. पण त्यानंतर कुठल्याही लग्नाला, बारशाला, आजारपणाला तो पाच मिनिटं उशिरा आला तरी कुणीतरी म्हणायचंच, "आले का सेनापती? लढाई संपली हो!" थोरली तर दर फोनच्या शेवटी सांगायची, "माझ्या वेळेला तरी वेळेवर ये हो बाबा." सगळे हसायचे. हा हसायचा नाही.

त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी ताईनं त्याला फोन करून "थोरली गेली, सकाळी ये," एवढंच सांगितलं तेव्हा तो पहाटेच दारात हजर झाला. गाडीची टाकी भरलेली, चाकांत हवा, मागच्या सीटवर तिच्यासाठी उशी.

"कधी आहे?" त्यानं विचारलं.

ताईचे डोळे रात्रभर रडून सुजले होते. डोकं जड झालं होतं. तिनं वही उघडली, बुधवारचं पान काढलं आणि वाचलं, "परवा सकाळी अकरा. म्हणजे शुक्रवारी."

"चारशे किलोमीटर. आज संध्याकाळी पोचतो आपण. दोन रात्री आधी!" त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद दिसला की त्याची त्यालाच लाज वाटली.

पण ताईनं त्याला थोपवलं. "दोन रात्री आधी जाऊन काय करायचं? भाचीच्या घरात तीन खोल्या. आधीच पाहुणे. एक दिवस हातात आहे तर सावकाश जाऊ. मध्ये कुठं मुक्काम करू. तुझी ती मैदानं लागतात ना वाटेत? दाखव मला एकदाची."

तो तिच्याकडे बघतच राहिला. आजवर ताईनं त्याच्या रणांगणांचा उल्लेख 'तुझे ते उकिरडे' असाच केला होता.

"थेटच जाऊ या ना," तो म्हणाला. "मैदानं कुठं जात नाहीत."

"म्हातारीला वाटेत थांबायला लागतं. ऐक माझं."

खरं कारण तिनं त्याला सांगितलं नाही, आणि वहीतही ते नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी ती थोरलीला भेटायला गेली होती. थोरलीनं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अगदी आदरानं विचारलं, "आपण कोणाकडच्या?" ज्या बहिणीनं तिला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं, तिनं. त्या दिवसाच्या पानावर ताईनं लिहिलं होतं, 'थोरलीची तब्येत बरी. जेवण झालं.' तो चेहरा पुन्हा पाहायची, तोही आता मिटलेल्या डोळ्यांचा, तिला मुळीच घाई नव्हती.

पहिल्या रणांगणावर ते बुधवारी दुपारी पोचले. रणांगण कसलं, घरबांधणीसाठी आखलेले भूखंड होते. मधोमध दगडी खांब, त्याच्या पायथ्याशी कुणीतरी वाळत घातलेल्या गाद्या. ताई खांबाच्या सावलीत बसली. धाकटा मात्र घड्याळ बघत होता.

"सांग की काहीतरी," ती म्हणाली. "एवढं चाळीस वर्षं डोकं खाल्लंस."

"इथं तोफा होत्या. चिखल होता. एकेक तोफ सहाशे किलोची." तो बोलता बोलता थांबला. "ताई, भाचीला एक फोन करून विचारायचं का? शुक्रवारचं?"

"तिच्या मागं काय कमी कामं आहेत? आणि फोन कशाला? लिहिलंय ना मी." तिनं तिचा फोन चार्जिंग वाचवायला बंद करून पर्सच्या तळाशी ठेवलेला होता. आणि भाचीकडे मामाचा नंबर असण्याचं काही कारणच नव्हतं.

गुरुवारी सकाळी नाश्ता करून ते दुसऱ्या ठिकाणी गेले. हे मात्र खरोखरीचं रणांगण होतं. लांबच लांब उतरतं गवत, खाली ओढा, वर बुटकी टेकडी. धुकं नुकतं उठत होतं. रखवालदारानं तिकीट फाडता फाडता धाकट्याला ओळखलं. "काटेवाले साहेब! आज एकटे नाही?"

"बहीण आहे माझी."

"मग आज तरी वर चढल्यावर बसाल पाच मिनिटं. बाई, हे कधी बसत नाहीत हो. नुसते मोजत फिरतात."

ताई टेकडी चढली. तीन ठिकाणी थांबली, पण चढली. वरून सगळं दिसत होतं. धाकट्यानं तिला दाखवलं, पलटण कुठल्या बाजूनं आली, ओढ्यात पाणी किती होतं. "पाठीवर बावीस किलो. ओढा ओलांडल्यावर तीस. आणि मग हा चढ. आत्ता तू चढलीस तो."

"माझ्याजवळ पर्स तेवढी होती."

"आणि तरी तीनदा थांबलीस."

ती हसली. वारा गार होता, पण बरा वाटत होता. दोन दिवसांत पहिल्यांदाच छातीवरचं दडपण जरा हललं. तिला वाटलं, आता भाचीला सांगावं, आम्ही संध्याकाळपर्यंत येतो, आमच्या जेवणाचं काही बघू नकोस. तिनं फोन काढून सुरू केला. दहाला पाच कमी होते. नंबर लावला.

"मावशी! किती वेळ लावतेय मी फोन! कुठं पोचलात?"

"अगं येतोच संध्याकाळपर्यंत. उद्या सकाळी—"

"संध्याकाळपर्यंत? मावशी, आज आहे! अकराला! सगळे जमलेत इथं. तुम्हाला यायला वेळ मिळावा म्हणून तर आजचं ठेवलं ना!"

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उद्याचं कुणी सांगितलं तुला? मामांनी?" भाचीचा आवाज चढला. "आणि वारा कसला ऐकू येतोय? कुठं उभी आहेस तू?"

ताईनं समोर पाहिलं. गवत, ओढा, पाटी. "निघतोच आम्ही," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

धाकट्यानं तिचा दंड धरला आणि चढायला वीस मिनिटं लागलेला उतार त्यांनी सात मिनिटांत उतरला.

एकशे दहा किलोमीटर होते, त्यातले तीस खोदून ठेवलेल्या रस्त्याचे. गाडी खडखडत होती. ताईनं वही मांडीवर उघडली आणि तिला सगळं दिसलं. लहानपणी ती ज्या बोर्डिंगमध्ये वही लिहायला शिकली, तिथं संध्याकाळी सहाची घंटा झाली की सिस्टर शाईच्या दौती गोळा करायच्या. घंटा झाली, दिवस मिटला. नंतर जे घडेल ते उद्याच्या पानावर. शाळा सुटून पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी ताईनं तो नेम मोडला नव्हता. संध्याकाळी सहानंतरचं सगळं ती दुसऱ्या दिवशीच्या पानावर लिहायची. भाचीचा फोन मंगळवारी सातला आला होता. परवा म्हणजे गुरुवार. पण लिहिलं गेलं बुधवारच्या पानावर, आणि सकाळी तिनं ते बुधवारपासून मोजलं.

"माझी चूक आहे," ती म्हणाली. "मी मंगळवारचं बुधवारात लिहिलं. तू तीनदा विचारलंस."

"वरचा दांडा धर घट्ट. पुढं खड्डे आहेत."

"ऐकतोयस ना तू?"

"ऐकतोय." तो एका ट्रकमागे अडकला, हॉर्न वाजवला, बाहेर डोकं काढून पाहिलं, पुन्हा आत घेतलं. स्टिअरिंगवरची बोटं एकसारखी हलत होती. मग म्हणाला, "तिथं गेल्यावर हे बोलू नकोस. माझ्याबाबतीत त्यांना सवय आहे. तुझ्याबाबतीत नाही."

अकरा वाजले तेव्हा ते खोदलेल्या रस्त्यावर होते. ताईनं घड्याळ उलटं करून मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलं. पाच मिनिटांनी पुन्हा सरळ केलं.

पाऊण वाजता ते भाचीच्या दारात पोचले. जावई अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचत होता. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि हातातली खुर्ची तशीच धरून म्हणाला, "अर्धा तास थांबलो होतो आम्ही. मग नेलं. सगळे आत्ताच परतले."

भाची आतून आली. केस ओले, डोळे लाल. तिनं मावशीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून मामाकडे पाहिलं.

"आजीच्या वेळीही मैदानातच होतात ना तुम्ही?"

"उशीर झाला खरा," धाकटा म्हणाला.

"मावशी, मी तुला सांगणारच होते, यांच्याबरोबर येऊ नकोस. बसनं आली असतीस तर वेळेत पोचली असतीस."

कुणीतरी धाकट्याला खुर्ची दिली. तो बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ न टेकता, अजिबात न हलता बसला. ताईनं त्याला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. आतल्या खोलीतून एक म्हातारे गृहस्थ कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "सेनापतींची लढाई कुठली होती म्हणे आज?" कुणी हसलं नाही, पण कुणी त्यांना गप्पही केलं नाही.

ताईच्या हातात चहाचा कप आला. गप्प राहणं फार सोपं होतं. कप तोंडाला लावायचा, एवढंच. तिनं तो खाली ठेवला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तारीख मी चुकीची सांगितली."

भाचीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मावशी, पुरे आता. नेहमी पाठीशी घालतेस त्यांना."

"पाठीशी घालत नाही. मीच चुकले."

"तू? तारीख?" जावई म्हणाला. तो खरंच किंचित हसला. "आमच्या लग्नाची तारीखसुद्धा आम्ही तुम्हाला विचारतो, मावशी."

ताईनं पर्समधून वही काढली, बुधवारचं पान उघडून भाचीच्या हातात दिली आणि घंटेपासून सगळं सांगितलं. जावयानं बोटांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मग पुन्हा मोजलं, बुधवारापासून. त्याचं हसू गेलं.

"हा मला तीनदा विचारत होता," ताई म्हणाली. "फोन करू या म्हणाला. थेटच जाऊ म्हणाला. वाटेत थांबायला मी लावलं. मैदानं दाखव म्हणून मी म्हटलं."

"तू?" भाचीला काही कळेना. "पण का, मावशी?"

सगळी खोली ऐकत होती. ताईनं दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मागच्या वेळी तिनं मला ओळखलं नाही. आपण कोणाकडच्या, म्हणाली. मला... मला यायची घाई नव्हती गं."

भाचीनं वही मिटली, पण परत दिली नाही, हातातच धरून ठेवली. बोलली तेव्हा तिचा आवाज थंड होता. "अर्धा तास मी सगळ्यांना उन्हात उभं केलं. आईनं सांगून ठेवलं होतं. कुणाचं नाव तिला आठवत नव्हतं शेवटी, माझंसुद्धा नाही. पण एवढं म्हणायची, सेनापती येईपर्यंत थांबा."

धाकट्यानं मान वर केली.

"मला वाटायचं, कुठल्यातरी जुन्या गोष्टीतलं बोलतेय," भाची म्हणाली. "काल लक्षात आलं माझ्या."

तो उठून उभा राहिला. खुर्ची मागं कलंडली, ती त्यानं नीट उचलून ठेवली. "किती लांब आहे ती जागा?" त्यानं विचारलं.

"चालत पंधरा मिनिटं."

"रस्ता सांग. जातो मी."

"थांबा. तुम्हाला सापडायचं नाही." भाचीनं चपला पायात सरकवल्या. वही तिनं टेबलावर ठेवली. ताईही उठायला लागली.

"तू बस, मावशी," भाची तिच्याकडे न बघता म्हणाली. "तुझे पाय दुखत असतील."

हे काळजीनं म्हटलं की रागानं, ते ताईला कळलं नाही. ती दोघं फाटकातून बाहेर पडली. धाकटा भराभर चालत होता, भाचीला जवळजवळ पळावं लागत होतं. थोडं पुढं गेल्यावर तिनं त्याची बाही धरली. चाल कमी करायला धरली, की आणखी कशाला, तेही इतक्या लांबून दिसत नव्हतं. मग ती दोघं वळणाआड गेली.

म्हातारे गृहस्थ तिची नजर चुकवून वर्तमानपत्रात शिरले. जावयानं उरलेल्या खुर्च्या रचल्या. मग तिला बसवेना. तिनं सगळ्यांचे कप गोळा केले, स्वयंपाकघरात गेली आणि धुवायला लागली. थोरली लेकीकडे राहायची, पण स्वयंपाकघर तिचंच. डबे उंचीप्रमाणे लावलेले, प्रत्येकावर भाचीच्या अक्षरात चिठ्ठी, शेवटच्या दिवसांत तिला कळावं म्हणून. साखर. मीठ. एका डब्यावर 'हा उघडू नकोस' असं होतं. ताईनं उघडला नाही.

चार वाजले, तरी ती दोघं आली नव्हती. पाच वाजता ताई फाटकापर्यंत जाऊन आली. नंतर पुन्हा एकदा गेली. शेवटी टेबलाशी बसून तिनं वही ओढली, गुरुवारचं पान काढलं आणि लिहिलं.

वेळेवर पोचलो नाही. चूक माझी. भाचीला सांगितलं. धाकटा भाचीबरोबर गेला आहे, अजून आलेला नाही. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर गेला आहे. खाली बादली ठेवली. दोन तासांत निम्मी भरते.